दुपारी बंद न होणारं दुकान

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. ज्या बाईबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण, तनया. कॉलेजात इतिहास शिकवते. घरात भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की ही उठून चहा टाकायला जाते. तिने हे मला एकदाच सांगितलं. सांगताना दोनदा थांबली.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. यात रात्र नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही. जे घडलं ते भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, कर्जतच्या बाजारपेठेत घडलं. साल २०२४, फेब्रुवारी महिना.

वेळ होती दोन वाजून दहा मिनिटं...

त्याचं असं झालं. गावातल्या एका वाचनालयाने जुन्या किराणा दुकानांवर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. काम तनयाने मागून घेतलं. महामार्गाकडे मोठी चकचकीत दुकानं आली, डाळ-तांदूळ मोबाईलवरून घरी यायला लागले, आणि दोन वर्षांत पेठेतली चार दुकानं मिटली. उरलेली माणसं आहेत तोवर त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावं, एवढाच तिचा हेतू.

डिसेंबरपासून ती रोज स्कूटी घेऊन पेठेत यायची. कोणाच्या पणजोबांनी रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगवाल्यांना चहा-गूळ विकून सुरुवात केली, कोणाकडे पनवेलहून बैलगाडीने मीठ यायचं, माथेरानच्या हॉटेलांचा माल कोण भरायचं आणि तो नेरळहून पुढे घोड्यावर कसा चढायचा... वह्या भरत गेल्या.

सगळ्यात जास्त माहिती दिली अबूबकरचाचांनी. सत्तरीचे गृहस्थ. आजोबा मुरुडकडून सुकी मासळी आणि नारळ घेऊन आले ते इथलेच झाले. चाचांना पेठेतल्या प्रत्येक दुकानाची कुंडली पाठ.

"लिवून घ्या मॅडम," ते एकदा म्हणाले, "दीड वाजला की पेठ झोपते. चारला उठते. माझ्या आजोबांच्या टायमापासून हाच नेम. फक्त एक दुकान झोपत नाय."

"कुठलं?"

चाचांनी हनुवटीनेच समोर दाखवलं. शेट्यांचं दुकान. लाकडी फळ्या लावून बंद होणारं, कर्जतमधलं शेवटचं.

"का नाही झोपत?"

चाचांनी रिकामी पोती उचलली आणि घड्या घालायला लागले.

"ते त्यांनाच विचारा."

शेट्यांच्या दुकानात बसायची मालतीकाकू. एकोणऐंशी वर्षांची. पाठ ताठ, केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा, म्हणजे अप्पा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा मिहीर डोंबिवलीला नोकरीत. काकू एकटीच दुकान चालवायची आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायची.

जानेवारीत तनया तिच्याकडे किती दुपारी बसली असेल, मोजदाद नाही. दोन वाजता पेठेत कुत्रंही हलायचं नाही. गिऱ्हाईक औषधाला नाही. आणि काकू स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत असायची.

"काकू, जरा पडावंसं वाटत नाही?"

"झोपेला काय गं, सरणावर भरपूर वेळ आहे."

एवढंच. बाकी सगळं बोलायची. साखरेच्या टंचाईचं, डालड्याच्या डब्यांचं, पिठाच्या गिरणीवाल्याच्या भांडणाचं. हा विषय निघाला की मात्र ओठ मिटायची.

पेठेतले लोक सांगायचे. पस्तीस वर्षांत एक दुपार दुकान बंद नाही. मिहीरच्या लग्नात पंगती उठायच्या आत काकू परत येऊन दुकानात बसली होती. आणि अप्पा गेले त्या दिवशी... घरातून तिरडी निघाली, बायका रडत होत्या, आणि काकूने उठून दुकानाची एक फळी काढून ठेवली. फक्त एक.

लोक म्हणाले, हिला धंद्याची हाव आहे.

तनयालाही तेव्हा तसंच काहीसं वाटलं होतं. हे ती स्वतः सांगते.

फेब्रुवारीत काकू न्हाणीघरात घसरली. पाऊल मोडलं. प्लॅस्टर घातलं. मिहीर धावत आला आणि त्याने कायमचंच ठरवून टाकलं. दुकान बंद. जागा विकायची. आठ दिवसांत आई डोंबिवलीला.

बातमी ऐकून तनया दुसऱ्याच दिवशी भेटायला गेली. समोरच्या नवाच्या नऊ फळ्या लागलेल्या. पहिल्यांदाच बघत होती ती हे दुकान बंद. बाजूच्या बोळातून घराचं दार होतं, तिकडून आत गेली.

मिहीर खोकी बांधत होता. काकू खाटेवर बसलेली. चेहरा असा उतरलेला की तनया दारातच थबकली.

"किती वाजले?" काकूने पहिला प्रश्न हाच विचारला.

"दोन वाजून गेले."

"मिहीर, एक फळी काढ रे. एकच."

"आई, पुरे आता! काय विकणार आहेस तू? कोण येतंय?"

काकूने तोंड फिरवलं. बोळातल्या दाराकडे बघत राहिली. मिहीर पुडक्यांचा दोरा आणायला बाहेर निघून गेला. तनयाने त्याच्या मागे दार लावलं, कडी घातली आणि खाटेपाशी येऊन बसली.

काहीतरी बोलायचं म्हणून ती प्लॅस्टरबद्दल विचारणार, तेवढ्यात...

टक्.

तनयाने वळून पाहिलं.

टक्... टक्.

कोणीतरी दार वाजवत होतं. बोटांनी नाही. उघड्या तळव्याने, अगदी हलक्या हाताने. आणि आवाज वरून येत नव्हता. दाराच्या मध्यावरून येत होता, कमरेच्या उंचीवरून.

"मिहीर आला वाटतं," तनया उठली.

"तो नाही," काकू म्हणाली.

तनयाने दार उघडलं.

बोळ रिकामा.

एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढा तो बोळ. एका टोकाला पेठ, दुसऱ्या टोकाला भिंत. लपायला जागा नाही. पळाल्याचा आवाज नाही. समोरच्या घराच्या भिंतीवर ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात काहीही हलत नव्हतं.

तिने दार लावलं. वळली. काकूने डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"बस," ती म्हणाली. "तुला सगळ्या दुकानांचा इतिहास पाहिजे ना? हा आमच्या दुकानाचा."

अठ्ठ्याऐंशी साल. श्रावण. त्या पावसात वाड्या-वस्त्यांवर जुलाब-उलट्यांची साथ होती. अप्पा माल आणायला पनवेलला गेलेले. मिहीर शाळेत. काकू पहाटेपासून दुकान सांभाळत होती. सणाचे दिवस, उसंत नाही. दीड वाजता फळ्या लावल्या आणि ती जमिनीवरच आडवी झाली.

दोनच्या सुमाराला बोळातलं दार वाजलं.

"मी जागी होते गं," काकू म्हणाली. "झोपले असते तर देवाने माफ केलं असतं. टक्क जागी होते. म्हटलं, आला असेल कोणी काडेपेटी मागायला. येईल चारला. उठलेच नाही. तीनदा वाजलं... मग थांबलं."

संध्याकाळी पलीकडच्या दवाखान्यातला कंपाउंडर आला. बोलता बोलता म्हणाला, दुपारी वाडीवरची एक कातकरी बाई आली होती, काखेत तीन वर्षांची पोर. साथीमुळे जलसंजीवनीची पाकिटं संपलेली. डॉक्टरांनी सांगितलं, उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घाल आणि घोट घोट पाजत राहा. साखर कुठे मिळेल, तर त्यांनीच शेट्यांचं दुकान दाखवलं.

"मग?" काकूने विचारलं.

"मग काय वयनी. पोरगी गेली. स्टेशनच्या रस्त्याला बसली होती बाई मांडीवर घेऊन."

काकूने त्या रात्री कोणाला काही सांगितलं नाही. आठव्या दिवशी दुपारी, फळ्या लावल्यावर, दार वाजलं. तिने धावत जाऊन उघडलं. कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी तिने दुकान बंदच केलं नाही.

त्या दिवशी वाजलं नाही.

"दुकान उघडं असलं की येत नाही. बंद केलं की येते. अप्पांना सांगितलं मी. त्यांनी ऐकून घेतलं. मिहीरला मात्र कधी सांगितलं नाही."

मग काकूने तनयाचा हात धरला. हात गार होता.

"तू एवढं जुनं-जुनं शोधून काढतेस. ती बाई जिवंत असेल तर शोध. मला तिच्या पाया पडायचंय. मी डोंबिवलीला गेले की इथे दार उघडायला कोण आहे?"

तनया सरळ अबूबकरचाचांकडे गेली. चाचांनी सगळं ऐकलं. यावेळी पोती उचलली नाहीत.

"बुधी," ते म्हणाले. "नाव बुधी तिचं. त्या टायमाला वाडीवरची माणसं आमच्याकडे मध, हिरडा घेऊन यायची. पोरीला पुरायला पांढरं कापड आमच्याच दुकानातून गेलं. माझ्या अब्बांनी दिलं. मीच फाडलं मॅडम, या हातांनी. लई छोटा तुकडा होता."

बुधी पुढे भाचीकडे राहायला गेली, एवढं त्यांना माहीत होतं. पोशीरच्या पुढे, वीटभट्टीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनया पोशीरला पोचली. भातशेतं कापून मोकळी पडलेली, मध्ये भट्टीचा धूर. बुधी मातीचे गोळे साच्यात थापत होती. साठीच्या आसपासची, काटक बाई. भाची सुरेखा शेजारी.

तनयाने कसंबसं सांगितलं. कर्जत, श्रावण, शेट्यांचं दुकान.

बुधीचे हात थांबले. मातीतच राहिले.

"तुझी पोरगी..." तनयाला पुढे बोलवेना.

"मंगळी," बुधी म्हणाली. "मंगळवारची झाली म्हून मंगळी."

"तू दार वाजवलंस त्या दुपारी. काकू जागी होती, पण तिने उघडलं नाही. पस्तीस वर्षं तिला त्याचं..."

"दार?"

बुधीने मान वर केली.

"मी कुटं वाजवलं दार?"

तनयाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दुकान बंद व्हतं. शेठ लोकांची झोपायची येळ. आमी वाजवलं तर शिव्या खायाच्या. मी समोरच्या घराच्या वळचनीला हुबी रायले. पानी पडत व्हतं. म्हनलं चारला उगडंल, तवर हुबं रावावं." ती थांबली. "लई येळ हुबी व्हते बाय. पोर काखंत. गप पडलेली. मला वाटलं निजली... कवा गार झाली, मला कळलंच नाय."

भट्टीवर कोणीतरी हाक मारत होतं. सुरेखा उठून गेली नाही.

तनयाने विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं. "मंगळीचा हात लागला असेल का दाराला?"

"दार समोर, मी भितीला. मदी सारा बोळ. आन् तिला पावसाची फडक्यात गुंडाळून बांदलेली मी. हात आत व्हते तिचे. दोनी हात."

"बोळात दुसरं कोणी होतं?"

"कोन बी नाय."

"तुला आवाज आला दाराचा?"

बुधीने हातावरची माती निपटली.

"नाय."

मग त्या दिवशी दार वाजवलं कोणी? आणि काल कोणी वाजवलं?

ती हे मनातच ठेवणार होती. पण बुधी तिच्याकडेच बघत होती.

"अजून वाजतं?"

तनयाने मान हलवली. खोटं बोलता आलं नाही तिला.

बुधीने हात धुतले. पदराला पुसले. चप्पल शोधली.

"मला घिऊन चल. माजी पोर तितं हाय."

पावणेदोनला दोघी बोळात शिरल्या. मिहीरला तनयाने बाहेरच थोडक्यात सांगितलं. त्याचा चेहरा पडला. तो आत जाऊन कोपऱ्यात उभा राहिला.

काकूने बुधीला ओळखलं नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं, तरी बघताक्षणी तिला कळलं. खाटेवरून उतरायला गेली, प्लॅस्टरमुळे उतरता येईना. बसल्या जागेवरूनच तिने हात जोडले.

"बुधी, मी जागी होते गं."

बुधी उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ लावून उकिडवी बसली. पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली,

"मी बी वाजवलं नाय, शेठानी. मी वाजवाया पायजे व्हतं."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षं एक म्हणत होती, मी उघडलं नाही. दुसरी म्हणत होती, मी वाजवलं नाही. मध्ये एक साधं लाकडी दार होतं.

दोन वाजले.

दोन दहा झाले...

काही नाही.

सव्वादोन. पेठ निपचित. घड्याळाचा काटा तेवढा ऐकू येत होता. बुधी दाराला कान लावून बसली होती. तिने हळू आवाजात दोनदा हाकही मारली. "मंगळे... ए मंगळे..."

काही नाही.

अडीच वाजले तेव्हा बुधीचा चेहरा बघवत नव्हता. मग ती एकाएकी उठली.

"त्या दिशी मी भाईर व्हते," ती म्हणाली आणि दार उघडून बोळात गेली. मागे दार ओढून घेतलं.

"कडी घाल," काकू कुजबुजली. "त्या दिवशी कडी होती."

तनयाने कडी घातली.

मिहीर कोपऱ्यात. काकू खाटेवर.

एक मिनिट. दोन मिनिटं...

टक्.

मिहीरने भिंतीला हात टेकला.

टक्... टक्.

"मला उचला," काकू म्हणाली. "लवकर. थांबायच्या आत."

एका बाजूने मिहीर, दुसऱ्या बाजूने तनया. प्लॅस्टरचा पाय फरफटत काकू दारापाशी गेली. कडी तिने स्वतःच्या हाताने काढली.

दार उघडलं.

दारात कोणी नव्हतं.

बुधी समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर. तिचे डोळे मिटलेले होते. डावी कंबर बाहेर काढलेली, एक हात खाली, एक हात वर... काखेत मूल असलं की बाया उभ्या राहतात तशी. आणि डाव्या खांद्यावरचा पदर खाली ओढला गेला होता. ताणलेला. त्याला काहीतरी लटकलेलं असावं तसा.

"मी नाय वाजवलं," ती डोळे न उघडता म्हणाली. "लई जड झाली गं."

काकूने हात पुढे केला.

"मंगळी... ये गं बाई. आत ये. उघडलंय मी दार."

बुधी चालत आत आली. एका अंगावर कललेली, पावलं जपून टाकत.

काकूने मिहीरला दुकानातून साखर आणायला लावली. बंद केलेलं खोकं फोडून त्याने मूठभर आणली. उकळून गार केलेलं पाणी माठात होतंच. काकूने स्वतः पेल्यात साखर घातली, चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं. तो पेला तिने बुधीच्या हातात दिला.

बुधी खाली बसली. पेला काखेपाशी नेला. थोडासा तिरका केला. थांबली. पुन्हा तिरका केला.

"हळू पी," ती म्हणत होती. "घोट घोट. कोन नेत नाय तुजं."

तनया सांगते, तिने त्या पेल्यावरून नजर काढली नाही. ती प्राध्यापिका आहे, तिला बघायचंच होतं.

पेला काठोकाठ भरलेला होता. बुधीने खाली ठेवला तेव्हा तो निम्मा होता.

फरशी कोरडी होती. बुधीचं लुगडं कोरडं होतं.

"निजली," बुधी म्हणाली.

ती उठली. तनया म्हणाली, रिक्षाने सोडते. बुधीने मान हलवली.

"रिक्षात गचके बसत्यात. उठंल ती. मी चालत जाते."

"अगं, पोशीर किती लांब आहे!"

"जाईन निवांत."

दारात ती वळली. काकूकडे बघून एवढंच म्हणाली, "निजा आता तुमी बी." आणि बोळातून पेठेत, पेठेतून रस्त्याला लागली. भर उन्हात, एका अंगावर कलून, अगदी सावकाश.

काकू तशीच खाटेवर आडवी झाली आणि झोपली. दुपारी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मिहीर तिच्या उशाशी बसून ओंजळीत तोंड घालून रडत होता.

तनया बाहेर आली तेव्हा अबूबकरचाचा त्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभे होते. बुधी गेली त्या दिशेला बघत.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी तिला मागून बघितलंत?"

"नाही. का?"

चाचांचे ओठ हलले. मग त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली.

"काय नाय," म्हणाले, आणि आत निघून गेले. त्यांनी काय पाहिलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काकू ठरल्याप्रमाणे डोंबिवलीला गेली. मिहीर फोनवर सांगायचा, आई रोज दुपारी जेवून लहान मुलासारखी झोपते. एप्रिलमध्ये अशीच झोपली, ती चहाला उठलीच नाही.

शेवट इथे झाला असता तर तनयाने मला हे सांगितलंच नसतं.

काकू गेल्याचं बुधीला कळवावं म्हणून ती एप्रिलच्या शेवटी पुन्हा पोशीरला गेली. भट्टीवर सुरेखा भेटली. तिने तनयाला बाजूला घेतलं.

"बाय, मावशीला बगा जरा. त्या दिसापासून कामाला हात लावत नाय. जेवत नाय. ताटातलं अर्दं काडून ठिवती, आन् ते बी सकाळी ऱ्हात नाय. आमाला कोनाला जवळ येऊ देत नाय."

बुधी आंब्याच्या झाडाखाली बसली होती. तनयाने तिला आधी ओळखलंच नाही. दोन महिन्यांत अर्धी झाली होती ती. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. फांदीला तिने जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि दोर धरून झोका देत होती.

आणि ती हसत होती. आनंदात होती.

तनयाच्या मनात एकच गोष्ट फेब्रुवारीपासून घोळत होती. पोरीचे दोन्ही हात फडक्यात बांधलेले होते. बुधी चार पावलं लांब होती. बोळात दुसरं कोणी नव्हतं. मग दार वाजवणारी ती मंगळी कशी? आणि मंगळी नव्हती, तर त्या दुपारी बुधीने काखेत घेऊन घरी काय नेलं?

हे बोलायला तिने तोंड उघडलं. बुधीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ता कुटं डोळा लागलाय."

तनयाने तो प्रश्न गिळला. काकू गेल्याचंही सांगितलं नाही. ती वळून स्कूटीकडे निघाली आणि दहा पावलांवर थांबून तिने एकदा मागे पाहिलं.

बुधी झाडाला टेकून पेंगत होती. दोर तिच्या हातातून सुटून खाली पडला होता. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

झोळी खाली ओढली गेली होती, गाठीपाशी फांदी वाकेल इतकी.

आणि झोका चालू होता...

तनयाने जवळ जाऊन पाहिलं नाही. त्यानंतर ती पोशीरच्या रस्त्याला गेलेली नाही.